शेततळ्यातल्या शेवाळापासून डिझेल : पैसे घालावेत का?

माणदेशी_पाहुणा

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, मेव्हण्याचा आहे. पण उद्या निस्तरायला मलाच जावं लागणार म्हणून इथे टाकतोय.

मेव्हणा सांगोल्याकडे असतो. डाळिंबाची बाग होती, निम्मी तेल्या रोगाने नेली, उरलेली खोडकिडीने. जवळपास एकरभराचं, कागद अंथरलेलं शेततळं आहे. मध्यंतरी एका कंपनीची माणसं येऊन गेली. म्हणणं असं की आम्ही देतो ते शैवाल तळ्यात वाढवा, वाळवून आम्हाला द्या, आम्ही त्याचं बायोडिझेल करतो. त्यासाठी साडेचार लाख भरायचे. त्यात बियाणं, यंत्र, प्रशिक्षण आणि पाच वर्षं परतखरेदीची हमी. सोबत केंद्राच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणाची झेरॉक्स, शैवालाचा उल्लेख पिवळ्या मार्करने रंगवलेला.

तो उल्लेख खरा आहे, मी तपासला. शैवालाच्या तेलावर विमान उडाल्याचंही वाचलं. मग त्याला 'हे सगळं थोतांड आहे' असं कुठल्या तोंडाने सांगू? जाणकारांनी सांगा, हे खरंच होतं का? आणि होत असेल तर सगळे का करत नाहीत?

खवचट_आजोबा

तेल्याने गेलं ते तेलाने परत येणार म्हणा की. (हलकेच घ्या.)

कुंपणावरचा_सरडा

सफेद मुसळी, कोरफड, इमू, मोगली एरंड... आणि आता शेवाळ. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

माटुंग्याचा_केमिकल

आजोबा, थट्टा बाजूला ठेवा, प्रश्न चांगला आहे.

होतं का? हो, होतं, आणि त्यात काही गुपित नाही. सूक्ष्म शैवालाच्या काही जातींच्या पेशीत वजनाच्या वीस ते चाळीस टक्के तेल साठतं. ते काढून मिथेनॉलबरोबर अभिक्रिया केली की बायोडिझेल. भावनगरच्या केंद्रीय प्रयोगशाळेने समुद्री शैवालाचं बायोडिझेल करून गाडी चालवून दाखवली आहे.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षं याच कामात घातली. खर्च अडीच कोटी डॉलर. देशभरातून तीन हजारांवर वाण गोळा केले, न्यू मेक्सिकोत रॉसवेलला हजार-हजार चौरस मीटरची दोन तळी खणली. त्यातून निघालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ही: शैवालाला नत्राची उपासमार घडवली की ते तेल साठवतं, पण मग त्याची वाढच थांबते. म्हणजे टक्केवारी वाढते, किलो वाढत नाहीत. कंपन्यांच्या पत्रकात नेहमी भरपूर तेलाचा आकडा आणि भरपूर वाढीचा आकडा शेजारी शेजारी छापलेला असतो. दोन्ही खरे असतात, पण एकाच तळ्यातले, एकाच आठवड्यातले नसतात.

आणि रॉसवेलला रात्रीचा गारठा इतका की प्रयोगशाळेतले निवडक वाण मागे पडायचे आणि वाऱ्यावर आलेलं गावठी शैवाल तळं बळकावायचं.

शेततळं_मास्तर

गावठी शैवालाचं आम्हाला विचारा. ठिबकच्या फिल्टरमध्ये तेच तर अडकतं. आम्ही ते मारायला मोरचूद टाकतो आणि हे लोक ते वाढवायला लाखो रुपये मागतात.

ह्यूस्टनकर

सगळे का करत नाहीत, यावर थोडं. मी तेलाच्याच धंद्यात आहे, शैवालाशी थेट संबंध नाही, पण ही लाट जवळून पाहिली.

२००८ साली कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरला टेकलं आणि शैवालाच्या कंपन्या कुत्र्याच्या छत्रीसारख्या उगवल्या. एक्झॉन या बड्या तेल कंपनीनं २००९ मध्ये जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटरच्या कंपनीबरोबर साठ कोटी डॉलरपर्यंतची योजना जाहीर केली. २०१७ मध्ये त्यांनी जनुकं बदलून नॅनोक्लोरॉप्सिस नावाच्या शैवालातलं तेल वीसवरून चाळीस टक्क्यांवर नेलं, तेही वाढ फारशी न घटवता. म्हणजे केमिकलरावांनी वर सांगितलेली गाठ बऱ्यापैकी सोडवली. पाठोपाठ २०२५ पर्यंत रोज दहा हजार पिंपांची तांत्रिक क्षमता गाठू अशी घोषणा. आणि २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली की एक्झॉननं हात काढून घेतले.

सोलाझाइम या शैवाल-तेलाच्या कंपनीची गोष्ट आणखी मजेची. त्यांनी अमेरिकी नौदलाला तेल विकलं, त्यांच्याच इंधनाचं मिश्रण घालून नोव्हेंबर २०११ मध्ये ह्यूस्टनहून शिकागोला प्रवासी विमान गेलं. पाहुणे, तुम्ही वाचलेलं विमान बहुधा हेच. पण त्यांचं शैवाल उन्हात वाढतच नव्हतं. बंद टाक्यांत, अंधारात, साखर खाऊन वाढायचं. पुढे इंधन सोडून ते खाद्यतेल आणि सौंदर्यप्रसाधनांकडे वळले, नाव बदललं आणि २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेले.

खवचट_आजोबा

साखर घालून शेवाळ, शेवाळातून तेल? आमच्या कारखान्याच्या चेअरमनला सांगू नका, पुढच्या वार्षिक सभेत ठराव येईल.

हरितलाट

मला हा सूर पटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी सौर पॅनेलही परवडत नव्हती, तेव्हाही लोक असेच हसले असतील. शैवालाला सुपीक जमीन लागत नाही, खारं पाणी चालतं, औष्णिक केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड खातं, पामपेक्षा हेक्टरी कितीतरी पट तेल देतं. रिलायन्सने २०१५ मध्ये जामनगरला अल्जेनॉल कंपनीबरोबर प्रात्यक्षिक प्रकल्प उभा केला, ते काय वेडे होते? विमान बॅटरीवर लांब उडू शकत नाही. द्रव इंधन लागणारच. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत एक टक्का, २०३० पर्यंत पाच टक्के शाश्वत इंधन मिसळायचं उद्दिष्ट आपल्याच सरकारचं आहे. ते आणणार कुठून?

माटुंग्याचा_केमिकल

हरितलाट, वेडं कुणीच नव्हतं. प्रात्यक्षिक आणि पंपावर विकायचं इंधन यांत फरक आहे, एवढंच. विमानाच्या मुद्द्याला माझी ना नाही. पण त्यासाठी आज रांगेत पुढे आहे ते वापरलेलं खाद्यतेल आणि इथेनॉल. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला मिश्रित इंधनावर विमान गेलं, ते इंधन पुण्याच्या प्राज कंपनीचं होतं. शैवालाचा त्यात संबंध नव्हता.

आता मेव्हण्याच्या तळ्याचा हिशेब मांडू, म्हणजे हवेतलं बोलणं खाली येईल.

एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. उघड्या तळ्यात उत्तम निगा राखली तर चौरस मीटरला दिवसाला वीस ग्रॅम सुकं शैवाल. हा आकडा उदार आहे. म्हणजे रोज ऐंशी किलो. पाव हिस्सा तेल धरा, वीस किलो, बावीस लिटरच्या आसपास. नव्वद रुपये लिटर धरलं तरी एकराचं रोजचं उत्पन्न दोन हजार. खर्च अजून एक रुपयाही वजा केलेला नाही.

आता खर्च. लिटरभर पाण्यात शैवाल असतं अर्धा ग्रॅम. ऐंशी किलो हवं तर रोज एक लाख साठ हजार लिटर पाणी उपसून गाळायचं आणि परत सोडायचं. क्लोरेलासारख्या जातीची पेशी काही मायक्रॉनची, कुठल्याही फडक्यातून निघून जाते, म्हणून सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून पाणी वेगळं करणारं यंत्र, लागतो. त्यातून निघणाऱ्या लगद्यात ऐंशी टक्के पाणीच असतं. ते उडवायला शैवालातल्या एकूण ऊर्जेच्या जवळपास निम्मी ऊर्जा जाते. उन्हात वाळवा म्हणाल, तर पावसाळ्यात काय करणार?

आणि खत. सुक्या शैवालात सहा-सात टक्के नत्र असतं. रोज ऐंशी किलो उचलायचं तर रोज बारा किलो युरिया घालावा लागेल, महिन्याला आठ पोती.

शेततळं_मास्तर

महिन्याला आठ??? सुरू उसाला एकरी शंभर किलो नत्र, म्हणजे पाच पोती युरिया, तेही अख्ख्या हंगामाला. आणि अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरला तर गुन्हा दाखल होतो, हे त्या कंपनीने सांगितलं का?

अजून एक कुणी बोललंच नाही. शेततळं दहा-बारा फूट खोल असतं. शैवाल दाट झालं की ऊन वीतभरच खाली जातं, खालचं सगळं पाणी अंधारात. त्यासाठी फूटभर खोलीचा, धावण्याच्या ट्रॅकसारखा लंबगोल हौद लागतो आणि पाणी सतत हलतं ठेवायला चाक. शेततळं त्या कामाचं नाही. आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जातं. एकराला तीन-चार टँकर झाले की हो रोजचे! सांगोल्यात! माणसाला प्यायला मिळेना तिथे शेवाळाला टँकर?

कुंपणावरचा_सरडा

मास्तर पेटले.

उन्हाचा_हिशेबनीस

केमिकलरावांच्या आकड्यांना माझी पुरवणी. एक चौरस मीटर शैवाल दिवसाला पाच ग्रॅम तेल देणार, म्हणजे साडेपाच मिलिलिटर. वीसच्या अॅव्हरेजच्या गाडीत ते घातलं तर गाडी एकशे दहा मीटर जाईल. तेवढ्याच जागेवर सौर पॅनेल ठेवलं तर दिवसाला साधारण एक युनिट, त्यावर इलेक्ट्रिक गाडी सहा किलोमीटर. पॅनेलच्या रांगांमधली मोकळी जागा धरून निम्मं करा, तीन किलोमीटर.

हरितलाट, पॅनेल स्वस्त झाली म्हणून शैवालही होईल, हे म्हणूनच पटत नाही. पॅनेल बनवणं स्वस्त झालं. इथे अडचण प्रकाशसंश्लेषणाची आहे. उघड्या तळ्यात उन्हातली दोन-तीन टक्के ऊर्जा पकडली तरी खूप.

हरितलाट

रस्त्यावरच्या गाड्यांचा मुद्दा मान्य, तिथे वीजच जिंकणार. पण तुम्ही सगळे शैवाल वाळवून तेल काढायच्या जुन्या पद्धतीवर हिशेब करताय. ओला लगदाच तीनशे-साडेतीनशे अंशांवर, प्रचंड दाबाखाली शिजवला तर पाऊण-एक तासाच्या आत कच्च्या तेलासारखा द्रव निघतो. वाळवायचा खर्च वाचतो, पेशीतलं नुसतं तेल नाही तर प्रथिनं-कर्बोदकंही कामी येतात, आणि उरलेल्या पाण्यातलं बरंचसं नत्र-स्फुरद परत तळ्यात सोडता येतं.

आणि युरिया विकत कशाला? सांडपाण्यात नत्र फुकट आहे. स्पेनमध्ये काडिझजवळ चिकलाना नावाच्या गावात सांडपाण्यावर शैवाल वाढवून, त्याचं बायोगॅस करून मोटारी चालवल्या. युरोपीय संघाच्या पैशातून झालेला प्रकल्प आहे, हवेतली गोष्ट नाही.

माटुंग्याचा_केमिकल

हा मुद्दा मात्र वजनदार आहे. सांडपाणी आलं की गणित बदलतं, कारण पाणी शुद्ध करायचे पैसे नगरपालिका नाहीतरी मोजतेच. इंधन मग वरकमाई. पण लक्षात घ्या, चिकलानाला त्यांनीही तेल काढलं नाही, सडवून गॅस केला. ज्यांनी ज्यांनी व्यवहारी विचार केला ते डिझेलपासून लांब गेले.

भीमाकाठची

सांडपाण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या उजनीकडे बघा. पुणे-पिंपरीची घाण भीमेतून खाली येते आणि धरणाचं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार. काठावर उभं राहिलं की वास येतो, हात घातला तर बोटांना हिरवा रंग ओतल्यासारखा थर चिकटतो. ते शैवाल फुकट वाढतंय, युरिया नको, टँकर नको. ते का नाही काढत कुणी?

उन्हाचा_हिशेबनीस

ताई, ते मायक्रोसिस्टिससारखं निळं-हिरवं शैवाल असतं, त्याच्या काही प्रकारांत यकृताला घातक विष असतं. तेलही फारसं नाही. गॅस होईल, पण एवढ्या पसाऱ्यातून पातळ थर गोळा करायचा खर्च परत तोच. जलपर्णी हाताने ओढून काढता येते, तरी पुण्यात दरवर्षी तिच्या निविदांवरून भांडणं होतात.

खवचट_आजोबा

निविदांतून निघणारं तेल जगात सगळ्यात स्वस्त. खणावं लागत नाही, गाळावं लागत नाही.

लोणारवाला

अवांतर: शैवालावरून आमचं सरोवर आठवलं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आधी सगळे शैवालावरच घसरले होते. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तर खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. एरवी आमचं पाणी हिरवंच, खारं आणि अल्कधर्मी, स्पिरुलिना या खाण्याच्या शैवालाला मानवणारं. चूळ भरून बघा, साबण खाल्ल्यासारखं वाटतं.

सोडा_आणि_शेवया

धागा आत्ता पाहिला. मी सांगली जिल्ह्यात स्पिरुलिना करते, छोटं युनिट आहे, म्हणून दोन शब्द.

शैवालात पैसा आहे, पण तो खाण्यात आहे, जाळण्यात नाही. आमचं रोजचं काम असं: हौदात खाण्याचा सोडा, मीठ, खतं घालून पाणी चांगलं अल्कधर्मी ठेवायचं, सामू साडेनऊ-दहा. त्यात दुसरं काही सहसा तगत नाही, हा मोठा फायदा. स्पिरुलिनाचे धागे लांब असतात म्हणून बारीक नायलॉनच्या जाळीवर गाळता येतं, सेंट्रिफ्यूज लागत नाही. जाळीवर श्रीखंडाच्या चक्क्याएवढा घट्ट, गडद हिरवा गोळा उरतो. तो धुऊन, दाबून, सोऱ्यातून त्याच्या शेवया पाडायच्या आणि ड्रायरमध्ये वाळवायच्या. ढगाळ हवेत एक दिवस उशीर झाला तरी असा वास सुटतो की शेजारी विचारायला येतात, काय मेलंय. तो माल मग फेकायचा. एवढं करून ते परवडतं कारण किलोचा दर शेकड्यांत असतो. त्याचं डिझेल करायचं म्हणजे बासुंदी ओतून चूल पेटवायची.

माणदेशी दादा, एक सांगा. कंपनीने 'बियाणं' कुठल्या जातीचं ते लिहून दिलंय का? आणि पाण्यात काय काय टाकायला सांगितलंय?

माणदेशी_पाहुणा

ताई, जातीचं नाव कुठेच नाही, 'हाय ऑइल स्ट्रेन' एवढंच. मेव्हण्याकडून कागद मागवले. टाकायच्या गोष्टींत लिहिलंय: सोडियम बायकार्बोनेट, मीठ, युरिया, थोडं फेरस सल्फेट. गाळायला 'विशेष नायलॉन जाळी' कंपनीकडूनच घ्यायची.

सोडा_आणि_शेवया

वाटलंच होतं. सोडा आणि जाळी म्हणजे जवळजवळ नक्की स्पिरुलिना. त्यात तेल असतं पाच-आठ टक्के. डिझेलसाठी शैवालातलं सगळ्यात निकामी पीक हेच. प्रथिनं मात्र साठ टक्के.

परतखरेदीच्या कलमात ओलाव्याची अट काय आहे? राखेची आणि जिवाणूंच्या चाचणीची आहे का? आमच्या भागात अशाच एका करारात लोक फसले. माल घ्यायला कंपनी बांधील होती, पण 'गुणवत्तेनुसार'. पहिली खेप उचलली, नंतरची प्रत्येक खेप नापास.

माणदेशी_पाहुणा

तंतोतंत. "कंपनीच्या प्रयोगशाळेच्या निकषांनुसार स्वीकारार्ह मालच खरेदी केला जाईल." निकष कुठेही दिलेले नाहीत. अनामत 'ना-परतावा'.

कुंपणावरचा_सरडा

इमूच्या वेळी अंडं नापास व्हायचं, आता शेवया.

हरितलाट

या कंपनीबद्दल माझं कुणाशीच दुमत नाही, उघड फसवणूक दिसतेय. फक्त हिच्यामुळे शैवालाच्या संशोधनाला कुणी नावं ठेवू नयेत. विमानाच्या इंधनाबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे.

ह्यूस्टनकर

ठाम राहा. पण पैसे घालायची वेळ आली तर आधी विचारा की कंपनी इंधन सोडून दुसरं काय विकते. जे टिकले ते ओमेगा-३, माशांचं खाद्य, रंग असल्या गोष्टींवर टिकले. सोलाझाइमचा उरलेला धंदा कॉर्बियन या डच कंपनीने घेतला, ती आज शैवालाचं तेल माशांच्या खाद्यासाठी विकते.

शेततळं_मास्तर

पाहुणे, मेव्हण्यांना सांगा की पैसे द्यायचे नाहीत, आणि काही सही केली असेल तर कागद घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा. कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: तुमचा बायोडिझेलचा कारखाना कुठे आहे आणि आम्हाला तो चालू असताना बघता येईल का? आमच्याकडे अशाच एका योजनेवाल्याला हे विचारलं तर फोन बंद.

तळ्यात पाणी आठ-नऊ महिने टिकत असेल तर मासे सोडा. कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं. कागदाच्या तळ्यात खाद्य थोडं जास्त लागतं. मालाला सांगोला-पंढरपूरला गिऱ्हाईक आहे आणि माशाचा ओलावा कुणी मोजत नाही.

माणदेशी_पाहुणा

सगळ्यांचे आभार, विशेषतः ताईंचे. सही झालेली नाही, फक्त अकरा हजार 'नोंदणी' म्हणून दिलेत. ते गेले असं समजायला सांगितलं, तर तो माझ्यावरच चिडलाय. हा धागाच त्याला वाचायला पाठवतो.

मास्तर, बोटुकली कुठे मिळतील? आणि कागदाला माशांमुळे काही होत नाही ना?

शेततळं_मास्तर

बोटुकली सरकारी मत्स्यबीज केंद्रात चौकशी केली तर मिळतात, नाहीतर उजनीच्या बाजूला खासगीवाले आहेत. जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, घेऊ नका, बोटाएवढीच घ्या, मर कमी होते. कागदाला माशांचं काही नाही, खेकड्यांचं बघा. आणि जाळं ओढताना खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात, त्या टोचू देऊ नका. व्यक्तिगत निरोप पाठवतो.